रोहिणखेडपासून सगळ्यात जवळची ट्रायल कुठं?

इतिहासाच्या पुस्तकांत रोहिणखेड येतं ते लढायांमुळे. १४३७ साली बहमनी सरदार खलफ हसन यानं खानदेशच्या नासिर खानाला इथं हरवलं. सोळाव्या शतकाच्या शेवटी अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा आणि जमाल खान यांच्यात जे भांडण चाललं होतं, त्याचा निकालही इथंच लागला. कारण भूगोलाचं आहे. गाव घाटाखाली, खानदेशातून वर पठाराकडे चढणाऱ्या वाटेवर. फौज निघाली की इथूनच जाणार. आजारी माणसाची वाट मात्र वेगळी: मोताळा, मलकापूर स्टेशन, रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी दादर, आणि तिथून परळचं टाटा. एका बाजूनं पाचशे किलोमीटरच्या आसपास.

माझं पीएचडीचं काम भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या इतिहासावर आहे हे नातेवाइकांना आता पाठ झालंय, त्यामुळे अधूनमधून फोन येतात. असाच एक रोहिणखेडहून आला, मावसभावाचा. मावसाजींच्या गालाला आतून जखम, दोन महिने भरली नाही, बायोप्सीत कॅन्सर निघाला. त्यानं विचारलं, "ताई, आपल्या इकडं जवळपास कुठी ट्रायल चालू हाय काय? नेटवर तर सगळं अमेरिकेचंच दिसते." कुठं शोधायचं ते मी त्याला सांगितलं, ते खाली येईलच. पण त्याच्या वाक्यातला "जवळपास" हा शब्द माझ्या थिसिसच्या अगदी मध्यावर बसतो. ट्रायल कुठं होते, कुणाच्या गावात होते आणि मुळात कुणाचा प्रश्न घेऊन होते, याला इतिहास आहे. आज रजिस्टरमध्ये जे दिसतं ते त्या इतिहासातूनच आलेलं आहे.

आधी ट्रायल म्हणजे काय ते दोन ओळींत. उपचाराचे दोन मार्ग आहेत आणि कोणता बरा हे खरोखर कुणाला माहीत नाही. मग रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटायचं, दोन्ही गटांवर सारखंच लक्ष ठेवायचं आणि शेवटी मोजायचं. चिठ्ठी डॉक्टरच्या हातात नसते, रुग्णाच्याही नसते. मावसभावाला वाटत होतं, ट्रायल म्हणजे नवं औषध मिळणार. तसं नसतं. नवं मिळेल किंवा नेहमीचं मिळेल. आणि नवं म्हणजे चांगलंच असं आधी माहीत असतं, तर ट्रायल करायची गरजच पडली नसती.

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं, सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. कॅन्सरचं हॉस्पिटल अणुऊर्जा खात्यात काय करतं, असं मला पहिल्या वर्षी वाटायचं. त्यामागे होमी भाभा होते, आणि किरणोपचार व संशोधन एका छत्राखाली हवं हा विचार होता. परिणाम असा झाला, की देशातलं कॅन्सर संशोधन, त्याचा पैसा आणि त्याची माणसं पुढची कित्येक दशकं एका इमारतीभोवती गोळा झाली. रुग्ण मात्र देशभरातून येत राहिले. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांनी आणि त्यांच्या माणसांनी भरलेली असते, ती याच रचनेची दुसरी बाजू. गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे.

मग संशोधक खेड्यात कधी आलेच नाहीत का? आले, पण तोंड बघायला. हा भाग फार कुणाला माहीत नसतो, म्हणून जरा थांबते. १९६० च्या दशकात टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे भौतिकशास्त्राची संस्था, तिच्यात दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग होता. फली मेहता हे त्याचे प्रमुख. डेन्मार्कचे जेन्स पिंडबोर्ग त्यांच्या सोबत होते आणि आकडेशास्त्र सांभाळायला प्रकाश गुप्ता. या लोकांनी घरोघर जाऊन, आरसा आणि उजेड घेऊन, माणसांची तोंडं तपासली. आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तपासणी झाली आणि तो अहवाल १९७२ मध्ये छापून आला. एक लाखावर माणसं, आणि तीही कॉम्प्युटरवर नोंदी भरायची सोय नसलेल्या काळात! तंबाखू खाण्याची कुठली पद्धत, आणि तोंडात कुठं पांढरा चट्टा उमटतो, यांचा संबंध अशा सर्वेक्षणांतून पक्का होत गेला.

पुढची पायरी म्हणजे काहीतरी करून बघणं. १९७७-७८ पासून याच गटानं एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर या तीन जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या ३६ हजारांहून जास्त माणसांना ती सोडायला सांगितलं, समजावलं, आणि दरवर्षी पुन्हा तोंड बघितलं. चट्ट्यांचं प्रमाण घटलं. १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये आलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ट्रायल ही नव्हती, आधीच्या दहा वर्षांच्या नोंदींशी तुलना होती. तरी पण गावात जाऊन केलेला तोंडाच्या कॅन्सरवरचा हा प्रयोगच. महाराष्ट्र सर्वेक्षणात होता, या प्रयोगात नव्हता.

खरी चिठ्ठ्यांची ट्रायल गावपातळीवर झाली ती केरळात. १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १३ पंचायतींपैकी काहींमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेवक घरोघर तोंड तपासत, उरलेल्या पंचायतींत नेहमीचीच व्यवस्था. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणीच्या गटात सुमारे एक तृतीयांशानं कमी. सगळ्या लोकसंख्येचा एकत्र हिशेब केला तर फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. महाराष्ट्रात अशी मोठी ग्रामीण ट्रायल झाली ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, १,३१,७४६ बायका, निकाल २००९ मध्ये. नियंत्रण गटाला तपासणी दिली नाही म्हणून तिच्यावर टीकाही झाली. पण बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातून जागतिक दर्जाची ट्रायल चालवता येते, हे तिनं दाखवलं. मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं, कारण "खेड्यात ट्रायल शक्यच नाही" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

केरळातल्या त्याच संस्थेत, तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरमध्ये, १९९९-२००० मध्ये दुसरंही एक प्रकरण घडलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका संशोधिकेच्या सहकार्यानं तोंडाच्या कॅन्सरच्या २६ रुग्णांच्या गाठीत एक प्रायोगिक रसायन टोचलं गेलं. संमती नीट घेतलेली नव्हती. माणसांवर वापरण्याआधी प्राण्यांवर जेवढं तपासायला हवं तेवढं तपासलेलं नव्हतं. हॉपकिन्सच्या स्वतःच्या नीतिसमितीला पत्ताच नव्हता. २००१ मध्ये हे बाहेर आलं, विद्यापीठानं चौकशी केली आणि त्या संशोधिकेला माणसांवरच्या संशोधनापासून दूर ठेवलं. म्हणजे एकाच छताखाली देशाला अभिमान वाटावा अशी ट्रायल आणि लाज वाटावी असा प्रयोग. गावाकडे "आमच्यावर प्रयोग करतात" ही जी भीती असते, तिला मी अडाणीपणा म्हणत नाही. तिच्यामागे घटना आहेत.

अशा घटना दडून राहू शकत होत्या, कारण कुठं काय चाललंय याची यादीच नव्हती. ती यादी म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, बोलीभाषेत सीटीआरआय. २० जुलै २००७ ला ती सुरू झाली, आयसीएमआरच्या दिल्लीतल्या सांख्यिकी संस्थेत. १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली. तरी बरीच मंडळी ट्रायल संपत आल्यावर नोंद करायची. १ एप्रिल २०१८ पासून ते बंद झालं: पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद हवी. रजिस्ट्री निघाली ती प्रामुख्यानं संशोधकांवर लक्ष ठेवायला. रुग्णांनी तिच्यात ट्रायल शोधावी हा तिचा मूळ हेतू नव्हता, आणि वापरायला बसलं की ते लगेच कळतं. सगळं इंग्रजीत. जिल्हा टाकला आणि यादी आली, असं सरळ होत नाही.

आता "जवळची" याचा दुसरा अर्थ. अंतर सोडा, प्रश्न कुणाचा आहे ते बघा. मद्रासला १९५६ मध्ये क्षयरोगाचं केमोथेरपी केंद्र सुरू झालं आणि त्यांनी विचारलं: सॅनेटोरियममध्ये खाट मिळाली नाही, माणूस आपल्या कोंदट घरातच राहिला आणि गोळ्या घेतल्या, तर चालेल का? १९५९ मध्ये उत्तर आलं, चालेल. हा प्रश्न लंडनमध्ये कुणाला पडलाच नसता, कारण तिथं खाटा होत्या. तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये असे आपले प्रश्न विचारायला आपल्याला बराच उशीर लागला, पण गेल्या वीस वर्षांत ते विचारले गेले, आणि बहुतेक परळमध्ये.

पहिला मानेचा. जिभेची किंवा गालाची छोटी गाठ, मानेत काहीच हाताला लागत नाही. तोंडाच्या ऑपरेशनसोबत मानेतल्या लसिकाग्रंथी आत्ताच काढायच्या, की पुढे फुगल्या तर काढू म्हणून थांबायचं? सर्जन पन्नास वर्षं यावर भांडत होते. टाटामध्ये अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्ण घेतले. पहिल्या ५०० जणांचा हिशेब २०१५ मध्ये छापला: तीन वर्षांनी जिवंत असणारे, आधीच ग्रंथी काढलेल्यांत ८० टक्के, थांबलेल्यांत ६७.५ टक्के. दर आठ ऑपरेशनांमागे एक मृत्यू टळतो. थांबलेल्यांची मान परत आली तेव्हा रोग जास्त पुढे गेलेला असायचा. आता यात रोहिणखेडचा माणूस ठेवून बघा. "थांबू आणि लक्ष ठेवू" हा सल्ला दादरला राहणाऱ्याला एक वेळ परवडेल. ज्याला दर तपासणीला पाचशे किलोमीटर यायचं आहे, ज्याची सोयाबीनची काढणी मध्ये येते, तो एक तपासणी चुकवणारच.

दुसरा प्रश्न आपल्या सोयीचा होता आणि उत्तर गैरसोयीचं निघालं, म्हणून मला तो जास्त आवडतो. किरणोपचारासोबत सिसप्लॅटिन द्यायचं, दर तीन आठवड्यांनी मोठा डोस की दर आठवड्याला छोटा? आपल्याकडे छोटाच लोकप्रिय, कारण रुग्णाला भरती करायला लागत नाही आणि तो सोसवतो. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी टाटामध्ये ३०० रुग्णांवर तपासलं. २०१८ चा निकाल: दोन वर्षांनी रोग जागेवर आटोक्यात असलेले, मोठ्या डोसमध्ये ७३.१ टक्के, आठवड्याच्या डोसमध्ये ५८.५ टक्के. मोठ्या डोसचा त्रासही जास्त. यानंतर जपानमध्ये ऑपरेशन झालेल्या रुग्णांत आठवड्याचा डोस थोडा वाढवून, ३० ऐवजी ४० मिलिग्रॅम, घेतला तेव्हा तो कमी पडला नाही. म्हणजे वाद पूर्ण मिटलेला नाही. पण "गरिबाला हेच बरं" असं न मोजता गृहीत धरणं किती धोक्याचं, हे त्या ३०० जणांनी दाखवलं.

तिसरा प्रश्न ज्यांचा रोग परत आलाय, ऑपरेशन शक्य नाही, बरं होण्याची आशा डॉक्टरांनाही नाही, अशांचा. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी ४२२ रुग्णांत शिरेतून सिसप्लॅटिन आणि तोंडावाटे दोन स्वस्त औषधं, म्हणजे आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब, यांची तुलना केली. गोळ्यांवर मध्यक आयुष्य ७.५ महिने, सलाइनवर ६.१, आणि गंभीर त्रास गोळ्यांवर १९ टक्क्यांना, सलाइनवर ३० टक्क्यांना. २०२० चा हा निकाल. दीड महिन्याचा फरक कागदावर लहान दिसतो. पण ते महिने घरी, आपल्या ओसरीवर जातात. पुढे याच गटानं गोळ्यांसोबत निव्होलुमॅब हे महागडं औषध फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी देऊन बघितलं. १५१ रुग्ण. एका वर्षानंतर जिवंत असलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. औषध कंपनी आपल्या औषधाचा डोस कमी करून बघण्यासाठी ट्रायल काढेल, अशी अपेक्षा कशी करणार? हा प्रश्न इथल्याच डॉक्टरांना पडणार होता.

म्हणून मावसभावाला मी म्हटलं, या ट्रायल्स झाल्या परळला, पण त्यांचं उत्तर मलकापूरच्या किंवा अकोल्याच्या दवाखान्यातही लागू करता येतं. ट्रायलमध्ये जाता आलं नाही तरी आधीच्या ट्रायलमधल्या माणसांनी जे मिळवून दिलं ते मागता येतं. डॉक्टरांना विचार, मानेच्या ग्रंथी काढणार का. हा प्रश्न विचारायला कुठली भरती लागत नाही.

आणि तरीही जवळची ट्रायल शोधायचीच असेल तर? सीटीआरआयच्या साइटवर शोधाच्या खान्यात "हेड अँड नेक", "ओरल कॅन्सर", "बक्कल म्यूकोसा" असे शब्द इंग्रजीत वेगवेगळे टाकायचे, एकानं भागत नाही. नोंद उघडली की आधी भारतातल्या भरतीची स्थिती बघायची, "ओपन टू रिक्रूटमेंट" आहे का. मग केंद्रांची यादी, तिथं हॉस्पिटलचं नाव, शहर आणि फोन असतो. आपल्या भागातून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर हॉस्पिटल रस्त्यानं सगळ्यात सोयीचं, ते २०१२ पासून चालू आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी. २०१२ मध्येच नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झाली, तिच्यामुळे एकाच ट्रायलची अनेक शहरांत केंद्रं निघणं सोपं झालं. तेव्हा नोंदीच्या मथळ्यात मुंबई दिसली तरी यादी शेवटपर्यंत वाचायची.

या शोधात एक गोष्ट पटकन लक्षात येते. पुष्कळशा नोंदी एमडी-एमएस करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांच्या असतात: भूल कशी द्यावी, तोंड उघडण्याचा व्यायाम, किरणांनी तोंड आल्यावर कुठली गुळणी. उपयोगी कामं आहेत, पण कॅन्सरवरचा उपचार ठरवणारी नाहीत. नोंदीत "पोस्ट ग्रॅज्युएट थिसिस" असा रकानाच आहे, तो बघावा. आणि रजिस्टरमध्ये नाव आहे म्हणजे सरकारनं औषध चांगलं ठरवलं असं मुळीच नाही. नोंद झाली, एवढाच त्याचा अर्थ.

तालुक्याच्या ठिकाणी ट्रायल का येत नाही, याचं एक उत्तर कायद्यातही आहे. २०१९ च्या नव्या औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांत म्हटलंय, की ज्या हॉस्पिटलची स्वतःची नीतिसमिती नाही, त्यानं त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या आतल्या समितीची मंजुरी घ्यावी. हेतू चांगला आहे, समिती लांब असेल तर लक्ष कोण ठेवणार? केरळचं प्रकरण आठवलं की हे पटतं. पण घाटाखालच्या दवाखान्याला पुण्या-मुंबईच्या समितीच्या भरवशावर नव्या औषधाची ट्रायल सुरू करता येत नाही, हाही त्याचाच परिणाम. रुग्णाचं संरक्षण आणि रुग्णाची सोय इथं एकमेकांच्या आड येतात, आणि मला अजून यातून सरळ वाट दिसलेली नाही.

सगळ्यात घाईची गोष्ट वेगळीच आहे. बऱ्याच ट्रायल्सच्या अटींत "आधी कुठलाही उपचार न झालेला रुग्ण" असं लिहिलेलं असतं. जवळच्या शहरात एक अर्धवट ऑपरेशन किंवा केमोचा एक डोस झाला, की ते दार बंद. त्यामुळे चौकशी करायची ती बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्यावर, पहिल्या उपचाराच्या आधी. पण ट्रायलची वाट बघत उपचार लांबवायचा नाही, तोंडाचा कॅन्सर थांबत नाही. फोनाफोनीला आठवडा, त्याहून जास्त नाही. फाइलमध्ये रिपोर्टसोबत बायोप्सीच्या काचा आणि मेणाचा ठोकळा लॅबमधून मागून घ्यायचा, ट्रायलवाले आणि टाटावाले दोघंही तो मागतात. संमतीपत्र मराठीत मागायचं. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर लागतो, तो नियम आहे. औषध फुकट की फक्त एका गटाला फुकट, येण्याजाण्याचं भाडं मिळतं का, काही इजा झाली तर भरपाई कोण देणार, आणि मध्येच सोडलं तर नेहमीचा उपचार इथंच चालू राहील का, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्यायचे. मावसभावानं ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतले आणि वर पाचवा स्वतःच घातला: गाडी चुकून तपासणीची तारीख हुकली, तर नाव काढतात का?